व्हिडिओवरून टेस्टोस्टेरॉन उपचार जबाबदारीने घेताना

टेस्टोस्टेरॉन रिप्लेसमेंट थेरपी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कमतरता औषधाने भरून काढण्याचा उपचार, मी काही वर्षांपासून घेत आहे आणि त्या उपचाराचा मोठा भाग व्हिडिओ कन्सल्टेशनवर चालतो. हे कळल्यावर ओळखीतले पुरुष मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात की कोणती सेवा चांगली. मी त्यांना सेवेचे नाव सांगत नाही. दोन गोष्टी पाहायला सांगतो. पहिले औषध लिहून देण्याआधी ती सेवा तुमच्याकडून काय काय करून घेते, आणि औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ती स्वतःहून तुमची चौकशी करते का. ॲप किती सुबक आहे आणि औषध किती लवकर घरपोच येते, या गोष्टींना मी फारसे महत्त्व देत नाही.

टेलिहेल्थला, म्हणजे असा दुरून उपचार घेण्याला, माझा विरोध नाही. उलट या उपचाराला ती पद्धत चांगली जुळते असे माझे मत आहे. कामेच्छा कमी झाली आहे, सकाळी येणारी ताठरता येईनाशी झाली आहे, या गोष्टी दवाखान्यात, बाहेर माणसे बसलेली असताना बोलणे पुष्कळ पुरुषांना जमत नाही आणि ते वर्षानुवर्षे गप्प राहतात. स्वतःच्या खोलीत दार लावून बसल्यावर तेच बोलणे सोपे होते. शिवाय निदानाचा बराचसा आधार सविस्तर विचारपूस आणि रक्ताचे अहवाल हाच असतो, आणि उपचार दीर्घकाळ चालणारा, डोस थोडा थोडा बदलत नेण्याचा असतो. तज्ज्ञ डॉक्टर दूर असतील तर प्रत्येक बदलासाठी प्रवास करणे सहसा कोणाला परवडत नाही. मात्र याच सोयीमुळे हा उपचार एखाद्या वस्तूसारखा विकलाही जातो, आणि तो कुठे विकला जातो आहे व कुठे दिला जातो आहे हे ओळखण्याची जबाबदारी रुग्णावर येऊन पडते.

विक्रीची पहिली खूण म्हणजे प्रश्नावली. थकवा येतो का, पोट सुटले आहे का, चिडचिड होते का, पूर्वीसारखा उत्साह वाटत नाही का, असे प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही पुरुषाला विचारले तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येणार. ही लक्षणे खरी असतात, त्रासदायक असतात, पण ती टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेपुरती मर्यादित नसतात. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, नैराश्य, अपुरी झोप, मधुमेह, मद्यपान यांपैकी कशानेही ती निर्माण होतात. युरोपातील आठ केंद्रांत ४० ते ७९ वयोगटातील ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. कमी टेस्टोस्टेरॉनशी ठळकपणे जोडली गेलेली लक्षणे त्यात तीनच निघाली आणि तिन्ही लैंगिक होती: सकाळची ताठरता कमी होणे, कामेच्छा कमी होणे आणि संभोगावेळी ताठरता न राहणे. ही तिन्ही लक्षणे आणि रक्तातील कमी पातळी असे दोन्ही निकष लावल्यावर जेमतेम २.१ टक्के पुरुष त्यात बसले. म्हणून एखाद्या प्रश्नावलीच्या शेवटी लगेच ‘तुम्ही पात्र आहात’ असे झळकत असेल, तर पुढे जाण्यापूर्वी थांबावे असे मला वाटते.

त्यानंतरची पायरी रक्ततपासणीची. ती कशी करायची याविषयी वैद्यकीय संघटनांमध्ये फारसे दुमत नाही, तरीही याच ठिकाणी सर्वाधिक निष्काळजीपणा होताना मी पाहिला आहे. टेस्टोस्टेरॉनची पातळी पहाटे आणि सकाळी सर्वांत वर असते व दिवस चढतो तशी उतरते, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये. खाल्ल्यानंतरही ती काही काळ खाली जाते. ताप किंवा कोणताही तीव्र आजार असेल तर ती तात्पुरती बरीच घसरते. म्हणून रक्त सकाळी, साधारण सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि प्रकृती नेहमीसारखी असताना द्यायचे, आणि पहिला अहवाल कमी आला तर वेगळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यावर त्याची खात्री करून घ्यायची. रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘सकाळ’ म्हणजे आपल्या झोपेनंतरची वेळ हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. माझा पहिला अहवाल सर्वसाधारण आरोग्य तपासणीच्या गठ्ठ्यात आला होता आणि नमुना दुपारचा होता. व्हिडिओवर डॉक्टरांनी तो पाहिला, नमुना घेतल्याची छापील वेळ मला मोठ्याने वाचायला लावली, आणि या कागदावर मी काहीही लिहून देणार नाही असे शांतपणे सांगितले. त्या वाक्यामुळे त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एकूण टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे हा निदानाचा एक आधार मानला आहे. त्याच वर्षीच्या एंडोक्राइन सोसायटीच्या तत्त्वांमध्ये निरोगी, स्थूल नसलेल्या तरुण पुरुषांसाठी खालची मर्यादा सुमारे २६४ दिली आहे. दोन्हीकडे अट सारखी आहे: आकड्यासोबत लक्षणेही हवीत. अहवाल नॅनोमोल प्रति लिटर या एककात असेल तर ३०० चे सुमारे १०.४ होतात, आणि एकक न पाहता आकडा वाचून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. यात आणखी एक गुंतागुंत आहे. टेस्टोस्टेरॉनचा बराचसा भाग एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटून रक्तात फिरतो. वजन जास्त असलेल्यांमध्ये हे प्रथिन कमी असते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मुक्त टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते; वाढत्या वयात प्रथिन वाढते आणि चित्र उलटे होते. एकूण पातळी सीमारेषेवर असेल तेव्हा एसएचबीजी मोजून मुक्त टेस्टोस्टेरॉन काढले नाही, तर निदान अंदाजावरच राहते.

मला सर्वाधिक कळकळीने सांगायचे आहे ते मात्र यापुढचे आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आहे, एवढे कळल्याने निदान होत नाही. ते का कमी आहे हे कळावे लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक सोडून अंडकोषांना काम सांगते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेले असेल तर बिघाड अंडकोषांत आहे. दोन्ही कमी असतील, किंवा टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच जागचे हललेले नसेल, तर बिघाड वरच्या पातळीवर आहे. पहिल्या प्रकारात क्लाइनफेल्टर सिंड्रोमसारखे जन्मजात कारण निघू शकते, ज्याचे निदान कित्येक पुरुषांमध्ये आयुष्यभर होत नाही. दुसऱ्या प्रकारात पिट्युटरीची गाठ, वाढलेले प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचेच आणखी एक संप्रेरक), शरीरात साठलेले लोह, दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य वेदनाशामके किंवा स्टिरॉइड्स, स्थूलता अशी कारणे असतात. म्हणून एलएच, एफएसएच (शुक्रजंतूंच्या निर्मितीला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक), प्रोलॅक्टिन आणि गरजेनुसार फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) यांची तपासणी औषधाआधी व्हायला हवी, आणि पातळी फारच खाली असेल, प्रोलॅक्टिन वाढलेले असेल किंवा डोकेदुखीसोबत नजरेच्या कडा अंधूक होत असतील तर एमआरआयही.

‘आधी’ या शब्दावर माझा एवढा जोर का, तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पिट्युटरी एलएच सोडणे थांबवते. काही आठवड्यांनी केलेल्या तपासणीत एलएच जवळपास शून्य दिसते आणि मूळ बिघाड कुठे होता हा प्रश्न त्या रक्तातून सोडवता येत नाही. उत्तर हवे असेल तर उपचार थांबवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. जी सेवा केवळ एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा पाहून औषध सुरू करते, ती रुग्णाच्या निदानाचा पुरावा पुसून टाकते, आणि रुग्णाला त्याची कल्पनाही नसते.

पडद्यावरून न होणाऱ्या गोष्टीही आहेत. अंडकोषांचा आकार आणि घट्टपणा, तेथील गाठ, स्तनांची वाढ, अंगावरील केसांचे प्रमाण, आणि गरज असेल तेव्हा प्रोस्टेटची तपासणी यांसाठी कोणाचा तरी हात लागतो. चांगले टेलिहेल्थ डॉक्टर हे कबूल करतात आणि तुम्हाला जवळच्या डॉक्टरांकडे पाठवतात. मला माझ्या डॉक्टरांनी एक पत्र दिले होते, ज्यात काय काय तपासून लिहावे हे स्पष्ट नमूद केले होते, आणि ते कागद परत मिळेपर्यंत पुढची अपॉइंटमेंट दिली नव्हती. रक्तदाब घरी मोजता येतो, वजन आणि कंबर मोजता येते. तेवढे आपण प्रामाणिकपणे मोजून कळवावे.

अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाने या उपचारापासून दूर राहावे. एलएच आणि एफएसएच दबले की अंडकोषांतील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते आणि अनेकांमध्ये पूर्ण थांबते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. निरोगी पुरुषांच्या अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शने थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोनतृतीयांश आणि वर्षभरात सुमारे ९० टक्के पुरुषांची शुक्रजंतूंची संख्या मिलिलिटरमागे दोन कोटींपर्यंत परत येण्याचा अंदाज त्यात होता, आणि काहींना त्याहून जास्त काळ लागतो. ज्यांचे अंडकोष मुळातच दुबळे आहेत त्यांना ही आकडेवारी जशीच्या तशी लागू करता येत नाही. मूल हवे असलेल्या पुरुषांसाठी एचसीजीसारखे (एलएचसारखे काम करणारे संप्रेरक) दुसरे मार्ग असतात आणि ते प्रजननाच्या तज्ज्ञांकडूनच घ्यावे लागतात. तिशीतल्या पुरुषाला ‘मूल हवे आहे का’ हा प्रश्न न विचारता टेस्टोस्टेरॉन देणारा डॉक्टर माझ्या दृष्टीने माफीस पात्र नाही, कारण हा प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही.

कोणाला हा उपचार देऊ नये याची माहिती प्रत्येक जबाबदार डॉक्टर पहिल्याच भेटीत घेतात. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग, पीएसए या प्रोस्टेटशी निगडित प्रथिनाची रक्तातील वाढलेली पातळी, आधीच जास्त असलेला हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा), उपचार न केलेला तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा विकार), नियंत्रणात नसलेले हृदय निकामी होणे, गेल्या काही महिन्यांतला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, ही त्यातली मुख्य कारणे. हृदयाच्या धोक्याविषयी बरीच वर्षे वाद होता. त्यासाठी ४५ ते ८० वयोगटातील, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवर ‘ट्रॅव्हर्स’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरॉनच्या गटात ७.० टक्के आणि औषधविरहित जेलच्या गटात ७.३ टक्के होते. जाहिरातींमध्ये हा दिलासा ठळकपणे येतो. त्याच चाचणीत हृदयाचे ठोके अनियमित होणे, मूत्रपिंडाला अचानक इजा होणे आणि फुप्फुसात गुठळी अडकणे यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉनच्या गटात अधिक आढळले, ते मात्र क्वचित सांगितले जाते. आणि त्या चाचणीत डोस सतत बदलून पातळी ३५० ते ७५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान राखली होती. एक हजाराच्या वर पातळी नेऊन ठेवणाऱ्यांना त्या निष्कर्षाचा आधार घेता येणार नाही.

औषधाचे स्वरूप निवडताना घर कसे आहे हे पाहावे लागते. जेल रोज खांद्यावर किंवा दंडावर लावायचे असते. ते पूर्ण वाळू द्यायचे, हात साबणाने धुवायचे आणि ती जागा कपड्याने झाकायची. घरात लहान मूल असेल तर हे नियम काटेकोर हवेत, कारण त्वचेच्या स्पर्शातून औषध मुलांच्या अंगात जाऊन अकाली पौगंडावस्थेची लक्षणे दिसल्याची प्रकरणे नोंदली गेली आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जेलवर ठळक इशारा छापायला लावला. सिपिओनेट किंवा एनॅन्थेट ही तेलातली इंजेक्शने आठवड्याला किंवा पंधरवड्याला घेतात. पंधरवड्याच्या इंजेक्शनानंतर पहिल्या दिवसांत पातळी उंच जाते आणि शेवटी खाली येते, आणि हा चढउतार मनःस्थितीतही जाणवतो. माझा डोस म्हणूनच आठवड्यावर आणला गेला. घरी इंजेक्शन घ्यायचे तर ते आधी एखाद्या नर्सकडून समोरासमोर शिकून घ्यावे. तेल दाट असते, जाड सुईने ते सिरिंजमध्ये ओढायचे आणि टोचण्याआधी सुई बदलायची, द्रव हळूहळू सोडायचा, जागा दर वेळी बदलायची आणि वापरलेली सुई जाड, झाकणाच्या डब्यात टाकायची, हे सगळे व्हिडिओ पाहून कळते खरे, पण पहिल्या वेळी हात धरणारे कोणी असले की चुका होत नाहीत. अनडिकॅनोएट हे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन मात्र दवाखान्यातच घ्यायचे असते, कारण त्यातील तेलाचे सूक्ष्म थेंब क्वचित फुप्फुसात पोहोचून जोराचा खोकला आणि श्वासाचा त्रास होतो. म्हणून ते दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबवतात. ते घरपोच पाठवणाऱ्यांशी व्यवहार करू नये.

आता तिसऱ्या महिन्याविषयी. सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी, पुन्हा वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे किमान वर्षातून एकदा टेस्टोस्टेरॉन आणि हिमॅटोक्रिट तपासावे लागतात. पीएसए वयानुसार आणि धोक्यानुसार पाहतात. रक्त कधी दिले याला इथेही महत्त्व आहे: आठवड्याच्या इंजेक्शनात दोन इंजेक्शनांच्या मधोमध, आणि जेल असेल तर लावल्यानंतर काही तासांनी, आणि ज्या खांद्यावर जेल लावले त्याच हातातून रक्त काढू नये. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला जास्त तांबड्या पेशी तयार करायला लावते, रक्त दाट होते, आणि हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास उपचार थांबवावा किंवा डोस कमी करावा असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझा हिमॅटोक्रिट त्या मर्यादेच्या बराच जवळ गेला होता. मला स्वतःला काहीही जाणवत नव्हते. उलट त्या काळात मी फार उत्साही होतो आणि डोस कमी करू नये असे मला मनापासून वाटत होते. डॉक्टरांनी झोपेत घोरणे, श्वास अडकणे याची चौकशी केली, पाणी पुरेसे पिऊन तपासणी पुन्हा करायला सांगितली, आणि दुसराही आकडा तसाच आल्यावर डोस खाली आणला. सबस्क्रिप्शनचे खोके दर महिन्याला आपोआप येत असते आणि अहवाल कोणी मागितला नसता, तर ही गोष्ट मला कळलीच नसती.

अपेक्षांचेही बोलून घ्यावे. ६५ वर्षांवरील आणि कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या ७९० पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे मुख्य निष्कर्ष २०१६ मध्ये आले. कामेच्छा आणि लैंगिक क्रियाशीलता मध्यम प्रमाणात सुधारली, मनःस्थितीत थोडा फरक पडला, पण थकव्याच्या मुख्य मोजमापात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. माझा अनुभवही याच्याशी जुळतो. म्हणून केवळ थकव्यासाठी उपचार मागणाऱ्याला मी आधी झोप तपासून घ्यायला सांगतो. लैंगिक तक्रारींसाठी सुरू केलेल्या उपचाराने वर्षभरात त्या तक्रारी कमी झाल्या नसतील, तर उपचार थांबवावा अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२० साली केली आहे, आणि ती मला अत्यंत रास्त वाटते.

सेवा निवडताना डॉक्टरांचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक समोर असावा, दर वेळी नवा चेहरा नसावा, आणि तुमचे सगळे अहवाल तुम्हाला मागितल्याबरोबर मिळावेत. प्रत्येक रुग्णाला सरसकट ॲनॅस्ट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारे औषध) किंवा ग्रोथ हार्मोन वाढवणारी पेप्टाइड्स जोडून देणारे पॅकेज टाळावे. टेस्टोस्टेरॉन हे सगळीकडे प्रिस्क्रिप्शनचे औषध समजावे. अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने ॲनाबॉलिक स्टिरॉइड्ससह ते नियंत्रित पदार्थांच्या तिसऱ्या अनुसूचीत गेले, त्यामुळे प्रवासात प्रिस्क्रिप्शन आणि मूळ वेष्टन सोबत ठेवावे. कुपीवर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नसेल तर ती उघडू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून हा उपचार लपवू नये, कारण वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम त्याने वाढतो, आणि मधुमेहींमध्ये इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. पायाला एकाएकी सूज येऊन दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे असे काही झाले तर व्हिडिओची वेळ घेत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

आणि पहिल्याच भेटीत, औषध सुरू करण्यापूर्वी, ते थांबवायचे झाल्यास काय करायचे हेही विचारून घ्यावे. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन बंद झाल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती परत यायला आठवडे ते महिने लागतात, तोवर जुनी लक्षणे कधी कधी अधिक तीव्रतेने परततात, आणि बरेच जण त्या काळात घाबरून कोणालाही न विचारता औषध पुन्हा सुरू करतात. माझ्या डॉक्टरांनी त्या वेळी कोणत्या तपासण्या कधी करायच्या आणि त्यांच्याशी संपर्क कसा साधायचा हे पहिल्या प्रिस्क्रिप्शनखालीच लिहून दिले होते.